अस्थिस्नायू विकार, वार्धक्यातील

हाडे, सांधे, स्नायू आणि मणका यांच्या, वयाबरोबर वाढणाऱ्या आजारांचा समूह. गुडघ्याची झीज, कंबरदुखी, हाडांचा ठिसूळपणा आणि स्नायूंचा क्षय हे त्यांतले प्रमुख. या आजारांनी माणूस सहसा मरत नाही. त्यामुळे देशाचे आरोग्य मृत्यूंच्या आकड्यांवरून मोजले जाई, तोवर ते हिशेबात आलेच नाहीत. जागतिक बँकेच्या १९९३च्या अहवालाने अकाली मृत्यूने गमावलेल्या वर्षांत आजारपणात काढलेली वर्षेही मिळवली, आणि पुढे अशाच मोजणीत साधी वाटणारी कंबरदुखी अपंगत्वाच्या कारणांत अग्रभागी आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे १७१ कोटी लोकांना असा एखादा विकार आहे. २०२० साली ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असे मानतात. २०२० सालीच झिजेच्या संधिवाताचे रुग्ण ५९.५ कोटी, म्हणजे १९९०च्या दुपटीहून अधिक होते. लोकसंख्येच्या वयोमानातला फरक वगळून काढलेले कंबरदुखीचे प्रमाण मात्र १९९० पासून थोडे घटलेच आहे. रुग्ण वाढले ते मुख्यतः लोकसंख्या वाढल्याने आणि माणसे जास्त जगू लागल्याने. पुढची मोठी वाढ आशिया आणि आफ्रिकेत अपेक्षित आहे.

‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपल्याकडे म्हणतात. ते अर्धेच खरे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची झीज फारशी भरून निघत नाही. जुनी दुखापत आणि लठ्ठपणा झिजेत भर घालतात. हाडांचे कारण वेगळे: पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. पुष्कळदा ते कळते मनगट किंवा खुबा मोडल्यावरच.

दुखते म्हणून हालचाल थांबवली की स्नायू आणखी दुबळे होतात. म्हणून गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम आणि वजन घटवणे हे पहिले उपचार. वृद्धांची संख्या मोठी असलेल्या जपानमध्ये अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली चालण्या-उठण्याची क्षमता ढासळण्याला ‘लोकोमोटिव्ह सिंड्रोम’ हे स्वतंत्र नाव दिले.

भारतात गुडघा बदलण्याच्या, बोलीत ‘वाटी बदलण्या’च्या, शस्त्रक्रियेची घरोघरी चर्चा झाली ती तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. २००० आणि २००१ साली मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली ती ऑगस्ट २०१७ मध्ये.