१२०४ : कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावामागची भाऊबंदकी

एप्रिल १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, फौजा बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) शिरल्या आणि ख्रिस्ती जगातलं सर्वांत श्रीमंत शहर ख्रिस्ती सैनिकांनीच तीन दिवस लुटलं. याचं खापर बहुतेक वेळा व्हेनिसचा प्रमुख एन्रिको दांदोलो याच्यावर फोडलं जातं. व्हेनिसचा लोभ खराच, पण त्या फौजेला तिथवर आणलं ते बायझंटाइन राजघराण्यातल्या भाऊबंदकीनं.

११८० मध्ये सम्राट मॅन्युएल कोम्निनोस वारला तेव्हा त्याचा मुलगा अलेक्सिओस ११ वर्षांचा होता. कारभार आई मारियाकडे आला. ती अँटिऑकची, म्हणजे ‘लॅटिन’ : रोमचं चर्च मानणाऱ्या पश्चिमेकडच्या लोकांपैकी. इटालियन व्यापाऱ्यांना मिळालेल्या सवलतींमुळे शहर आधीच धुमसत होतं. मॅन्युएलचा चुलतभाऊ आंद्रोनिकोस यानं तो राग हेरला आणि राजधानीकडे कूच केलं. ११८२ मध्ये जमावानं लॅटिन वस्तीत कत्तल केली; पोपच्या प्रतिनिधीचंही शिर उडवलं. पुढे आंद्रोनिकोसनं मारियाला मारवलं, पोराचा गळा आवळायला लावला आणि त्याच्या कोवळ्या विधवेशी, फ्रान्सच्या राजकन्येशी, स्वतः साठी उलटल्यावर लग्न केलं. पश्चिमेकडे हे कुणी विसरलं नाही. ११८५ मध्ये सिसिलीच्या नॉर्मनांनी थेस्सलोनिकी लुटलं, आणि त्याच वर्षी राजधानीतल्या लोकांनी आंद्रोनिकोसला हालहाल करून ठार मारलं.

बायझंटियममध्ये गादीच्या वारशाचा पक्का कायदा नव्हता. राजवाडा, सैन्य आणि हागिया सोफिया या मुख्य चर्चमध्ये जमलेली गर्दी ज्याच्या बाजूनं, तो सम्राट. मात्र अपंग माणसाला गादीवर बसता येत नाही, असा संकेत होता. म्हणून प्रतिस्पर्ध्याचे डोळे काढायची रीत पडली. आंद्रोनिकोसनंतर आलेल्या आयझॅक अँगेलोसचे डोळे ११९५ मध्ये सख्ख्या भावानं, तिसऱ्या अलेक्सिओसनं काढवले.

आयझॅकचा मुलगा अलेक्सिओस १२०१ मध्ये कैदेतून निसटला आणि जर्मनीत बहिणीच्या नवऱ्याकडे, स्वाबियाच्या फिलिपकडे गेला. तिकडे व्हेनिसमध्ये क्रुसेडर अडकले होते. जहाजांसाठी त्यांनी व्हेनिसला ८५,००० चांदीचे मार्क कबूल केले होते, पण अपेक्षेच्या जेमतेम तिसरा हिस्सा माणसं आली आणि कर्ज अंगावर राहिलं. अलेक्सिओसनं त्यांना शब्द दिला : मला गादीवर बसवा, मी २,००,००० मार्क देतो, १०,००० सैनिक देतो, चर्च रोमच्या अधीन करतो. ज्या खजिन्याच्या भरवशावर तो बोलत होता, त्याचा अंदाजही त्याला नव्हता.

क्रुसेडर त्याला घेऊन कॉन्स्टँटिनोपलवर चालून आले, आणि जुलै १२०३ मध्ये काका, तिसरा अलेक्सिओस, पळाला. आंधळा बाप पुन्हा सिंहासनावर बसला आणि मुलगा सहसम्राट झाला. पैसे उभे करायला चर्चमधली सोन्याचांदीची भांडी आणि मूर्तिचित्रांवरचे पत्रे वितळवले, तरी रक्कम पुरी होईना. लोक खवळले. जानेवारी १२०४ मध्ये दरबारी अलेक्सिओस दुकास यानं या तरुण सहसम्राटाला पकडलं, पुढे गळा आवळून मारलं आणि स्वतः गादी घेतली. नव्या सम्राटानं देणं नाकारल्यावर क्रुसेडरांनी तटावर हल्ला चढवला.

१२६१ मध्ये बायझंटाइन सहसम्राट मायकेल पॅलिओलोगोसच्या माणसांनी शहर लॅटिनांकडून परत मिळवलं. गादीचा खरा वारस, ११ वर्षांचा जॉन लास्कारिस, याचे डोळे मायकेलनं त्याच वर्षी काढवले.