कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय की गळतोय?

दुचाकीच्या कार्बोरेटरखाली पेट्रोलचे थेंब दिसले की ‘ओव्हरफ्लो होतोय’ असं सरसकट म्हटलं जातं. पण पुष्कळदा बाउलमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतली, पातळी ठीक असते आणि पेट्रोल भलत्याच वाटेने बाहेर येत असतं. अशा वेळी फ्लोटची (बाउलमधल्या तरंगत्या भागाची) पट्टी वाकवून पातळी उतरवली, तर गळणं थांबत नाहीच, उलट पेट्रोल कमी पडून गाडी चढावर ओढेनाशी होते.

ओव्हरफ्लो म्हणजे बाउल प्रमाणाबाहेर भरणं. फ्लोट वर आला की सुई सीटवर, म्हणजे पेट्रोल आत येण्याच्या छिद्रावर, बसून पेट्रोल अडवते. ती नीट बसली नाही, तर पातळी चढत जाते आणि बाउलमधल्या उभ्या पितळी नळीच्या तोंडातून पेट्रोल खालच्या पाइपात उतरतं. गळतीत सुई चोख असते. दोष असतो बाउलच्या सांध्यातलं पॅकिंग, बाउल रिकामा करायचा ड्रेन स्क्रू किंवा चिरलेल्या पितळी नळीचा. घोटाळा असा की बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ड्रेन आणि ओव्हरफ्लोचं तोंड एकच असतं. त्यामुळे पाइपातून पेट्रोल येतंय एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते पारदर्शक नळीने. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. पणजीतल्या अल्तिनोच्या उतारावर किंवा साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते. इंजिन थंड हवं, जवळपास आग नको. नळी ड्रेनच्या तोंडाला लावून तिचं दुसरं टोक बाउलच्या बरंच वर धरा, ड्रेन स्क्रू सैल करा, मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. नळीतलं पेट्रोल बाउलच्या सांध्याखाली काही मिलिमीटरवर थांबलं, तर सुई ठीक आहे, गळती शोधा. सांधा ओलांडून चढत राहिलं, तर ओव्हरफ्लो. लगेच कॉक बंद करा, नाहीतर पेट्रोल इंजिनात उतरेल.

ओव्हरफ्लोत आधी कचऱ्याचा संशय घ्यावा. पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी चतुर्थीला बाहेर काढली की हे हमखास होतं: टाकीतला गंज सुटतो, पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज धावणाऱ्या पायलटच्या (गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) गाडीत मात्र सुईच झिजलेली सापडते. सुईच्या टोकावर गोल चर दिसला तर ती बदलाच, पॉलिश पेपरने घासू नका. सीट सुटी निघत असेल तर तीही नवी घाला. नसेल तर कापसाच्या काडीने पुसा, तार घालू नका. सुईच्या मागची बारीक स्प्रिंगची पिन दाबून सोडल्यावर परत वर यायला हवी. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे. एवढं झाल्यावरच फ्लोटची उंची त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे मापा. मापताना कार्बोरेटर असा कलता धरा की पट्टी पिनला टेकेल, पण तिला दाबणार नाही. शेवटी कॉकनंतर फिल्टर बसवा.

गळतीचं काम सोपं. बाउलचा सांधा ओला असेल तर नवं पॅकिंग घाला आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते सुटून जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) अडकतं. ड्रेन स्क्रूचं टोक पुसा, ओ-रिंग असेल तर बदला. सगळ्यांत जास्त चकवते ती चिरलेली नळी. बाउल काढून ड्रेन स्क्रू घट्ट करा, नळीच्या तोंडाखालीच राहील एवढं पेट्रोल बाउलमध्ये ओता आणि कोरड्या कागदावर उचलून धरा. दहा मिनिटांत ड्रेनच्या तोंडातून थेंब आला, तर नळी चिरलेली आहे किंवा स्क्रू बसत नाही. नळीच चिरलेली असेल तर बाउल बदलणं बरं.

ओव्हरफ्लो निघाला आणि इंजिन फोर-स्ट्रोक असेल, तर किक मारण्याआधी ऑइलची काडी काढून पाहा. पातळी वाढलेली किंवा पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.