स्पोर्ट मोड ‘उघडला’ म्हणजे ताकद वाढली?

नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलं की हमखास कानावर येतं: लॅपटॉप जोडून स्पोर्ट मोड उघडा, गाडीची ताकद वाढते. नाही वाढत. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून व्हीसीडीएससारखं (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांसाठीचं) सॉफ्टवेअर कंपनीनेच ठेवलेले पर्याय चालू-बंद करतं, एवढंच. स्पोर्टमध्ये पाय तेवढाच दाबला तरी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडतो, ऑटोमॅटिक गिअर उशिरा बदलतो. म्हणून कात्रज घाटात गाडी तरतरीत वाटते. अॅक्सिलरेटर तळाला नेला, की बहुतेक गाड्यांत जोर तोच. ताकदीसाठी रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमच बदलणं लागतं, तो प्रकार वेगळा (आणि वॉरंटीच्या मुळावर येणारा). मी माझ्या गाडीत या सॉफ्टवेअरने फक्त मीटरचे काटे नाचवले: चावी फिरवली की टोकापर्यंत जाऊन येतात. शुद्ध हौस! जुना कोड (आधीच्या सेटिंगचा आकडा) मात्र आधी वहीत उतरवून घेतला.