आघात तरंग आणि प्रक्षोभ : एका सरळ रेषेला पडलेल्या सुरकुत्या
उमरेडसारख्या कोळशाच्या खुल्या खाणींत सुरुंगांसाठी जी इमल्शन स्फोटके वापरतात, त्यांत वायूचे सूक्ष्म बुडबुडे किंवा काचेचे पोकळ कण मुद्दाम मिसळलेले असतात. आघात तरंग, म्हणजे दाब एकाएकी उडी घेतो अशी ध्वनीहून वेगवान लाट, आला की हे बुडबुडे चिरडतात, त्या जागी तापमान एकाएकी चढते आणि अशा तप्त बिंदूंमधून स्फोट पुढे सरकतो. बुडबुडे नसतील, तर तेच मिश्रण पेटवणे फार अवघड जाते. पदार्थातील विषमता तरंगाचे वर्तन किती बदलते, हे स्फोटक सुरक्षेचे केंद्रीय मुख्यालय असलेल्या नागपूरला तरी नवे नाही.

आघात तरंगांचा सिद्धांत मात्र ही विषमता वगळूनच उभा राहिला. रीमान यांनी १८६० मध्ये, रँकिन यांनी १८७० मध्ये आणि ह्यूगोनियो यांनी १८८७ च्या सुमारास जी मांडणी केली, तिच्यात माध्यम एकजिनसी आणि तरंगाची आघाडी सपाट धरलेली होती. ते गैरही नव्हते, कारण हवेतील तीव्र तरंगाची जाडी रेणूंच्या सरासरी मुक्त मार्गाच्या (दोन टकरींमध्ये रेणू सरासरी जितके अंतर कापतो त्याच्या) काही पट, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

प्रक्षोभाचा, म्हणजे माध्यमातील अनियमित, भोवऱ्यांनी भरलेल्या खळबळीचा, हिशेब १९५० च्या दशकात सुरू झाला. कोव्हाझनाय यांनी १९५३ मध्ये वायूतील खळबळ भोवरे, तापमानातील चढउतार आणि ध्वनी अशा तीन प्रकारांत विभागली. त्याच सुमारास रिब्नर यांनी दाखवले, की तरंगातून जाणारे भोवरे तीव्र होतात आणि त्यातून नवा ध्वनीही जन्मतो. पुढे स्वनातीत विमानांच्या गडगडाटाने हा प्रश्न लोकांच्या घरापर्यंत नेला. ओक्लाहोमा सिटीत १९६४ मध्ये अशा धमाक्यांची महिनोन्‌महिने चाचणी झाली, आणि त्या काळातील मोजमापांत एकाच विमानाचा धमाका कधी टोकदार, तर कधी बोथट भरत असे. मे महिन्यातील नागपूरच्या दुपारी डांबरी रस्त्यावर लांबचे दृश्य जसे थरथरते, तसेच तापलेल्या हवेचे पुंजके तेथेही कारणीभूत होते : उष्ण पुंजक्यात तरंग पुढे धावतो, गार पुंजक्यात मागे राहतो, आणि सुरकुतलेली आघाडी कोठे एकवटते, तर कोठे विखुरते.

या नात्याची दुसरी बाजू, म्हणजे तरंगच खळबळ निर्माण करतो ही, मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन वायूंची सीमा किंचित लाटांसारखी असेल आणि तिच्यावर तरंग आदळला, तर दाबातील बदल व घनतेतील बदल यांच्या दिशा जुळत नाहीत, भोवरे तयार होतात, लाटा वाढत जाऊन कुत्र्याच्या छत्रीसारखा आकार घेतात आणि शेवटी दोन्ही वायू एकमेकांत मिसळतात. रिश्टमायर यांनी १९६० मध्ये हे गणिताने मांडले आणि मेश्कोव्ह यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. तरंग जड वायूकडून हलक्याकडे जावो वा उलट, ही अस्थिरता टळत नाही. लेसर संलयनात, म्हणजे लेसरने इंधन दाबून अणुकेंद्रे एकत्र आणताना, इंधनगोळीचा पृष्ठभाग अत्यंत गुळगुळीत ठेवावा लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

संगणकाने पुढचा टप्पा उघडला. ली, लेले आणि मोईन यांनी १९९३ मध्ये दुर्बल तरंग व प्रक्षोभ यांची गाठ थेट समीकरणे सोडवून अभ्यासली. लार्सन आणि लेले यांच्या २००९ च्या गणनेत, प्रक्षोभ पुरेसा प्रबळ असेल तेथे आघाडी केवळ सुरकुतत नाही, तर तुटते, आणि तिच्या काही भागांत दाब उडी न घेता हळूहळू चढत जातो, असे आढळले.