जावाएक्सपासून जकार्तापर्यंत : आवृत्ती बदलताच फॉर्मची पडताळणी का थांबते

जावा वेब फ्रेमवर्कची (वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याच्या तयार सांगाड्याची) आवृत्ती वाढवल्यावर प्रकल्प विनातक्रार कंपाइल होतो, सर्व्हर सुरू होतो आणि तरीही रिकामे नाव किंवा चुकीचा ईमेल असलेला फॉर्म थेट डेटाबेसपर्यंत पोहोचतो. हा बिघाड विशेष घातक आहे, कारण त्यात एरर कुठेच दिसत नाही. तपासणीचे नियम कुठे लिहायचे आणि ते कोणी वाचायचे, याविषयी गेल्या दोन दशकांत झालेल्या निर्णयांत त्याचे मूळ आहे.

स्ट्रट्स या जावा वेब फ्रेमवर्कच्या पहिल्या पिढीत फॉर्मसाठी अ‍ॅक्शनफॉर्म क्लास लिहून त्याच्या व्हॅलिडेट मेथडमध्ये तपासण्या हाताने लिहिल्या जात. पुढे कॉमन्स व्हॅलिडेटर या लायब्ररीच्या आधारे त्या एक्सएमएल फाइलमध्ये मांडता येऊ लागल्या. 2004 मध्ये आलेल्या स्प्रिंग या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या 1.0 आवृत्तीतही व्हॅलिडेटर हा स्वतंत्र इंटरफेस होता. लिखाण भरपूर करावे लागे, पण तपासणी नेमकी कुठे होते हे कोड वाचणाऱ्याला समोर दिसत असे.

2009 मध्ये जेएसआर 303, म्हणजे बीन व्हॅलिडेशन 1.0 हे पडताळणीचे मानक, जावा ईई 6 चा (जावाच्या एंटरप्राइज मानकसंचाचा) भाग झाले आणि नियम अ‍ॅनोटेशनच्या (कोडला जोडलेल्या खुणांच्या) रूपाने फील्डवरच लिहिले जाऊ लागले. त्याच वर्षअखेरीस स्प्रिंग 3.0 ने हे मानक स्वीकारले. मात्र या मानकात फक्त नावे आणि त्यांचा अर्थ ठरलेला असतो. ती वाचून प्रत्यक्ष तपासणी करण्याचे काम हायबरनेट व्हॅलिडेटरसारख्या वेगळ्या लायब्ररीकडे असते आणि ते रनटाइमला (प्रोग्रॅम चालू असताना) होते. ही विभागणी योग्यच होती, पण तिच्यामुळे नियम लिहिलेला आहे आणि तो वाचणारे कोणीच नाही, अशी स्थिती प्रथमच शक्य झाली.

सर्वांत मोठा बदल मानकाच्या मालकीतून आला. ओरॅकलने 2017 मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचे जाहीर केले, परंतु जावाएक्स (javax) या नावाखालील त्याची पॅकेजेस (कोडचे गट) बदलण्याची मुभा मिळाली नाही. त्यामुळे डिसेंबर 2020 मधील जकार्ता ईई 9 मध्ये ती जकार्ता या नावाखाली हलवावी लागली. नोव्हेंबर 2022 मध्ये स्प्रिंग 6 आणि त्यावर आधारलेला स्प्रिंग बूट 3 यांनी हेच नाव स्वीकारले.

जावाएक्स नावाच्या जुन्या एपीआयची (अ‍ॅनोटेशनांच्या व्याख्यांची) जार फाइल एखाद्या तिसऱ्याच लायब्ररीमार्फत प्रकल्पात शिल्लक राहिली, तर जुने इम्पोर्ट कंपायलरला पूर्णपणे वैध वाटतात. नवा हायबरनेट व्हॅलिडेटर मात्र जकार्ताची अ‍ॅनोटेशनेच ओळखतो आणि जुन्या नॉटनल (मूल्य असलेच पाहिजे) किंवा साइझ (लांबीची मर्यादा) यांसारख्या अ‍ॅनोटेशनांकडे दुर्लक्ष करतो. स्प्रिंग तर नाव ‘व्हॅलिड’ने सुरू होणारे कोणतेही अ‍ॅनोटेशन पॅरामीटरवर दिसले की पडताळणी सुरू करते, म्हणजे कंट्रोलरमधील (विनंती हाताळणाऱ्या क्लासमधील) जुन्या व्हॅलिड अ‍ॅनोटेशनमुळे पडताळणी चालतेही, पण फील्डवरचे नियम तिला दिसत नसल्याने निकाल निर्दोष येतो. आतल्या ऑब्जेक्टवर जुने व्हॅलिड राहिले असेल, तर पडताळणी तिथपर्यंत उतरतच नाही.

याआधीच, मे 2020 मधील स्प्रिंग बूट 2.3 पासून, वेब स्टार्टरसोबत (वेबसाठी लागणाऱ्या लायब्ररी एकत्र आणणाऱ्या डिपेंडन्सीसोबत) व्हॅलिडेशन स्टार्टर आपोआप येणे बंद झाले होते. एपीआय आहे, पण तपासणी करणारी लायब्ररीच नाही, अशा प्रकल्पात परिणाम तोच दिसतो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात डिपेंडन्सी ट्रीपासून (कोणती लायब्ररी कोणामुळे येते ते दाखवणाऱ्या यादीपासून) करावी : व्हॅलिडेशन स्टार्टर स्पष्टपणे जोडावा, जुनी जार ज्या लायब्ररीतून येते तिथून ती वगळावी, म्हणजे चुकलेले इम्पोर्ट कंपायलरच दाखवून देतो. मात्र जावाएक्सच्या जागी जकार्ता असे सरसकट शोधून बदलणे टाळावे. जावाएक्स एसक्यूएल आणि जावाएक्स क्रिप्टो ही पॅकेजेस मूळ जावातच आहेत आणि त्यांचे नाव बदललेले नाही. त्यानंतर मुद्दाम चुकीची माहिती पाठवून फॉर्म नाकारला जातो का, हे पाहणारी टेस्ट प्रत्येक महत्त्वाच्या फॉर्मसाठी हवीच, कारण बरोबर माहितीच्या टेस्ट या बिघाडातही यशस्वी होतात.

स्प्रिंग 6.1 वर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. तिथे कंट्रोलर मेथडच्या पॅरामीटरवर थेट नियम लिहिलेले असतील, तर मेथड पडताळणी अंगभूतपणे होते आणि चूक आढळल्यास वेगळे एक्सेप्शन (चूक कळवणारा ऑब्जेक्ट) फेकले जाते. जुन्याच एक्सेप्शनसाठी लिहिलेला हँडलर (एक्सेप्शन हाताळणारा कोड) त्याला पकडत नाही आणि फील्डनिहाय संदेश वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून हँडलरमध्ये दोन्ही एक्सेप्शनची सोय करावी लागते.