पडद्यावरची एक आडवी रेघ

गेल्या उन्हाळ्यात परभणीत माझ्या भाच्यानं भंगारातून व्हिडिओ गेमची एक जुनी पेटी उचलून आणली. नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचो, तसलीच. प्लायवूडचं उभं कपाट, दोन दांडे, घासून गुळगुळीत झालेली बटणं आणि आत भली मोठी पिक्चर ट्यूब. टेम्पोतून उतरवतानाच गल्लीतले एक गृहस्थ कानाशी लागले, "त्या ट्यूबमध्ये लाल पारा असतो म्हणतात. लाखात जातो. फोडून बघायची का?"

हा लाल पारा मोबाइलवरून गावोगाव पोचलाय. जुन्या टीव्हीत असतो, रेडिओत असतो, शिलाई मशीनमध्येसुद्धा असतो म्हणे. नसतो. पिक्चर ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. पडद्यावर लाल दिसतं ते इट्रियमच्या संयुगात मिसळलेल्या किंचितशा युरोपियममुळे, आणि तो थरही काचेला धूळ चिकटावी एवढाच. काचेत मात्र शिसं असतं, कारण आत तयार होणारे क्ष-किरण तिथंच अडवायचे असतात. लाखाच्या आशेनं ट्यूब फोडणाऱ्याच्या पदरात काचा आणि शिसं पडणार.

पेटी लावली. गेमचा आवाज आला, पण पडद्यावर मधोमध एक झळझळीत पांढरी आडवी रेघ आणि वर-खाली काळोख. भाचा हिरमुसला, "मामा, ट्यूब गेली." मग चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. त्यांनी लांबूनच बघितलं. "ट्यूब नै गई. लकीर दिखरी ना? तो ट्यूब बराबर है." आणि पहिलं काम म्हणजे ब्राइटनेस उतरवला. अख्ख्या पडद्यावर पसरायचा मारा एकाच रेघेवर पडत राहिला, तर तिथला थर जळून कायमचा डाग राहतो.

एका रेघेवरून चाचांना एवढं कसं कळलं? त्यासाठी चित्र कसं उमटतं ते बघावं लागेल. ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुमारे 25,000 व्होल्टच्या ओढीनं पडद्यावर आदळतात. त्यांचा वेग सेकंदाला 90,000 किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या 30 टक्के. मानेभोवतीच्या तांब्याच्या गुंडाळ्या चुंबकानं इलेक्ट्रॉनच्या या किरणाला वळवतात. तिफण चालवणारा शेतकरी तास (पेरणीची ओळ) टाकत धुऱ्यापर्यंत जातो, वळतो आणि येतानाही पेरत येतो. किरणाचं तसं नाही. तो डावीकडून उजवीकडे एक तास टाकतो, मग रिकामाच डावीकडे पळत येतो आणि जरा खाली सरकून पुढचा तास धरतो. अशा 262 रेघा, सेकंदाला 60 वेळा. म्हणजे सेकंदाला सुमारे 15,700 रेघा. एका रेघेला 64 मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यातले दहा-बारा रिकामं परतण्यात जातात.

मला या सगळ्या यंत्रात वेड लावतो तो हा रिकामा परतीचा प्रवास.

किरण एकसारख्या वेगानं सरकायचा, तर गुंडाळीतला प्रवाह एकसारखा वाढत गेला पाहिजे. गुंडाळीला ठरावीक व्होल्टेज दिलं की ती आपणहून तेच करते. रेघ संपली की गुंडाळीला प्रवाह देणारा लाइन ट्रान्झिस्टर स्विचसारखा बंद होतो. पण गुंडाळीतला प्रवाह असा एकदम थांबत नाही. तो तोडायला गेलं की तिच्यात जबरदस्त व्होल्टेज उसळतं. ट्यूबलाइटचा स्टार्टर सुटताना चोक जो झटका देतो तो हाच, आणि मोटारसायकलच्या प्लगवरची ठिणगीही यातलीच. फॅरेडेनं 1831 साली प्रवर्तन दाखवलं, त्याचा हा पसारा. पेटीत हा उसळलेला प्रवाह एका छोट्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, शिरतो. कपॅसिटर भरतो, मग उलट्या दिशेनं प्रवाह गुंडाळीत परत ढकलतो. झोक्याची अर्धी फेरी समजा. प्रवाहाची दिशा उलटली, म्हणून किरण डावीकडे पोचला. या झोक्याच्या शिखरावर, जेमतेम 110-120 व्होल्टच्या पुरवठ्यातून हजारेक व्होल्टचा ठोका निघतो. म्हणून तर इथला ट्रान्झिस्टर 1,500 व्होल्ट झेलणारा लागतो. हाच ठोका ट्रान्सफॉर्मरनं चढवून, डायोडमधून एकाच दिशेला वळवून ट्यूबचे 25,000 व्होल्ट तयार होतात. परतताना वाया जाणारी ऊर्जाच पुढच्या रेघेतल्या इलेक्ट्रॉनना ओढून घेते. दुकानात ज्याला ईएचटी म्हणतात, तो हाच ट्रान्सफॉर्मर.

आता रेघेकडे बघा. पडदा उजळला म्हणजे 25,000 व्होल्ट आहेत, म्हणजे किरणाला आडवं नेणारी यंत्रणा चालू आहे, म्हणजे लाइन ट्रान्झिस्टर आणि ईएचटी धड आहेत. आडवी यंत्रणा बसली असती, तर हे उच्च व्होल्टेजही गेलं असतं आणि पडदा ठार काळा राहिला असता. पुरावा आणखी एक होता. पेटी लावताच भाचा म्हणाला होता, "आतून बारीक शिट्टी वाजायलीय." ती त्याच सेकंदाला 15,700 फेऱ्यांची. मला आणि चाचांना काहीच ऐकू आलं नाही; वय वाढलं की कानातून वरचे सूर आधी जातात.

मग राहिली उभी यंत्रणा, सेकंदाला फक्त 60 वेळा किरण खाली नेणारी. पेटी बंद करून चाचांनी ट्यूबवरची रबरी टोपी हलकेच उचलली आणि वायर जोडलेल्या पेचकसानं आतला विजेचा साठा ट्यूबच्या धातूच्या चौकटीला उतरवला. ट्यूबची काच आणि तिच्या आतबाहेरचे काळे थर मिळून मोठा कपॅसिटर होतो, आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. हे घरी करून बघण्याचं काम नव्हे.

बोर्ड उलटा करून भिंग लावलं, तर व्हर्टिकल आयसीच्या, म्हणजे उभी यंत्रणा चालवणाऱ्या चिपच्या, एका पायाभोवती केसाइतकी गोल भेग होती. ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग! हा आयसी तापतो, पाय फुगतो. बंद केल्यावर आकसतो. परभणीचा मे आणि परभणीचाच डिसेंबर, दोन्ही सोसून सोल्डर कंटाळतं. कथिल-शिशाचं सोल्डर 183 अंशाला वितळतं. चाचांनी जुनं काढून नवं सोल्डर मारलं, 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला (कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो, पेटी वाचते) आणि बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला. बल्ब काढून सरळ पुरवठा दिल्यावर रेघ वर-खाली फाकली आणि चित्र उघडलं.

वरच्या चार बोटांत मात्र चित्र अजून दुमडतंय. तिथला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून वाळलाय. दर दहा अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि बंद कपाटात, आमच्या उन्हाळ्यात तो किती टिकणार! चाचा नवा आणणार आहेत, 105 अंशांपर्यंत सोसणारा. तोवर भाचा वरच्या चार बोटांकडे दुर्लक्ष करून खेळतोय.