परदेशातून बूट करून घेताय? नंबर नको, पाऊल पाठवा

दिवाळी आणि डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की नाशिकच्या मेन रोडवरच्या आमच्या बूट शिवण्याच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं : "मुलगा अमेरिकेत असतो, त्याला नऊ नंबर लागतो. पुढच्या आठवड्यात येतोय, तेवढ्यात काळा ऑक्सफर्ड बूट करून ठेवा." आई-वडील मोठ्या हौसेने सांगतात आणि आम्ही नुसत्या नंबरावर काम घेत नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटतं. त्यामागचं कारण सांगण्यासाठी हे पत्रक.

नऊ म्हणजे कुठला नऊ? आपल्याकडे चालतात ते ब्रिटिश नंबर. अमेरिकेत आणि कॅनडात पुरुषांचा नंबर साधारण एकाने पुढे असतो. तिथला ९ म्हणजे आपला ८, काही कंपन्यांचा साडेआठ. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नाडीच्या बुटात एवढी जागा जादा झाली की दर पावलाला टाच उचलली जाते आणि चवड्यावरची घडी भलत्याच जागी पडते. आत जाड तळी घालून हे निभत नाही. युरोपातली मोजणी आणखी वेगळी, तिथला ४२ आपल्या ८ च्या आसपास येतो. जपानमध्ये तर खोक्यावर सरळ सेंटिमीटर लिहिलेले असतात.

पण खरा घोळ रुंदीचा आहे. नंबर सांगतो ती फक्त लांबी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखभर लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल पाश्चात्त्यांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. आम्ही हे रोज मोजपट्टीवर बघतो. परदेशात बूट चवड्यावर आवळतो, मग माणूस अर्धा किंवा एक नंबर मोठा घेतो. रुंदी जमते, लांबी वाढते, आणि तोच आपला नंबर असं वर्षानुवर्षं वाटत राहतं. कित्येकदा तर तो नंबर धावण्याच्या बुटाचा असतो, जो मुळातच मोठा घेतात. अशा नंबरावर आम्ही कातडं कापलं तर चूक तुमची नाही आणि आमचीही नाही, पण बूट मात्र वाया जातो. एकदा असा एक जोड पाहुण्यांच्या सामानातून गेला आणि आठ महिन्यांनी दुसऱ्या पाहुण्यांच्या सामानातून परत आला. आम्ही आमच्या खर्चाने नवा करून दिला. तेव्हापासून पाऊल कागदावर आल्याशिवाय फर्म्याला (बूट ज्यावर घडवतो त्या पावलाच्या साच्याला) हात लावायचा नाही, हा नियम केला.

पाऊल काढणं, म्हणजे कागदावर पावलाभोवती रेघ मारून घेणं, दहा मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी काढा, दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि बूट त्या पायाला बसायला हवा. ऑफिसला घालता तसेच पातळ मोजे घाला, कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि रेघ दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा. स्वतः वाकलात की भार सरकतो. पेन्सिल अगदी उभी धरायची, तिरकी आत गेली तर पाऊल बारीक निघतं. दोन्ही पायांचं काढा, दोन्ही सहसा सारखे नसतात. मग शिंप्याच्या टेपने चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचा घेर आणि पावलाच्या उंचवट्याचा घेर मोजून त्याच कागदावर लिहा.

आणि एक गोष्ट कृपया विसरू नका : त्या कागदावर पट्टीने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा. मोबाइलवर आलेला फोटो किंवा स्कॅन छापताना लहान-मोठा होतो. ती रेघ असली की आम्ही माप जुळवून घेतो. ती नसली तर पुन्हा फोन, पुन्हा फोटो, आणि तुमची सुट्टी संपत येते.

प्रत्यक्ष येणार असाल तर सर्वांत उत्तम. फक्त मुंबईला उतरून त्याच दिवशी येऊ नका. लांबच्या विमानप्रवासाने पाय सुजलेले असतात, दोन दिवस जाऊ द्या. पण परतीच्या आठवड्यातही नको. आम्हाला तीन आठवडे लागतात आणि मध्ये एकदा पाय घालून बघावा लागतो. ती ट्रायल आम्ही गाळत नाही.

सगळंच आमच्याकडून घ्या असं म्हणणार नाही. बर्फात चालायचे बूट तिथेच घ्या, ते त्या हवेसाठी बनलेले असतात. तिथे चांगला ऑफिसचा बूट घेणार असाल तर नंबर वाढवण्याआधी रुंदी मागा : अमेरिकेत पुरुषांची नेहमीची रुंदी डी, त्यापुढे ई आणि डबल ई, ब्रिटनमध्ये नेहमीची एफ, त्यापुढे जी. युरोपात बुटावर चित्रांचं लेबल असतं. कातडं पसरल्यासारखी आकृती म्हणजे चामडं, नुसता पत्त्यातल्या चौकटसारखा आकार म्हणजे दुसरं काही. वरच्या भागाचं, अस्तराचं आणि सोलचं चित्र वेगवेगळं बघा. सोलच्या कडेने शिलाई दिसली म्हणून लगेच भुलू नका, चिकटवलेल्या सोलवरही शोभेची शिलाई मारतात. खरा गुडइयर वेल्ट (सोल मधल्या पट्टीला शिवून बसवलेला बूट) असेल तर सोल झिजल्यावर वरचा बूट न बिघडवता नवा बसतो. असा बूट फेकू नका, इकडे येताना घेऊन या, नवा सोल आम्ही बसवून देतो.

नाशिकच्या घरी कपाटात ठेवून गेलेल्या बुटांची चौकशीही खूप होते. पीयूचा (पॉलियुरेथेन या हलक्या प्लॅस्टिकचा) सोल न वापरता काही वर्षं पडून राहिला की हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि घातल्या दिवशी भुगा होऊन पडतो. तो दुरुस्त होत नाही, फक्त बदलता येतो. चामडी सोलला ही भीती नाही, पण पावसाळ्यात बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत कागद भरून कापडी पिशवीत ठेवा आणि घरच्यांना महिन्यातून एकदा वारा द्यायला सांगा.

एकदा केलेलं माप आमच्या वहीत राहतं, तुमच्या पायाला जुळवलेला फर्माही आम्ही जपून ठेवतो. दुसऱ्या जोडाच्या वेळी रंग आणि तारीख कळवली की पुरे.